नेटबॉल खेळताना आपली जागा कोणती?

गेल्या जानेवारीत आमच्या खेळगटातील सर्वांत ज्येष्ठ काकू मैदानावर मागच्या मागे पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. वय 71. त्यांना गोल कीपरच्या जागी उभे करण्याचा निर्णय माझा होता. “काकू, तुम्ही मागेच थांबा, तिथे धावपळ नाही,” असे मीच त्यांना म्हटले होते. शारीरिक शिक्षण हा विषय मी आयुष्यभर शाळेत शिकवला, मुलींचे नेटबॉलचे संघ घडवले, आणि तरीही ही चूक केली. वयस्कर माणसाला कोपऱ्यातली जागा द्यावी, म्हणजे ते सुरक्षित राहते, असे आपण घरातही समजतो. मैदानावर तो समज किती फसवा ठरतो, हे काकूंच्या मनगटाने मला शिकवले.

वसई पश्चिमेला एका गृहसंकुलाच्या मोकळ्या जागेत आम्ही रविवारी सकाळी जमतो. सुरुवात नातींमुळे झाली. शालेय क्रीडा स्पर्धांसाठी त्या तेथे नेटबॉलचा सराव करीत आणि आज्या बाकावर बसून दप्तरे सांभाळीत. एके दिवशी चेंडू बाकाकडे आला, एकीने तो झेलला आणि परत अचूक फेकला. पुढच्या रविवारी बाक रिकामे होते. आता आम्ही अकरा-बारा जणी आहोत, वये 54 ते 71. आपल्यापैकी ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

नेटबॉल हा बास्केटबॉलचा इंग्लंडमध्ये वाढलेला भाऊबंद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मुलींच्या महाविद्यालयांत तो आकाराला आला आणि 1901 मध्ये त्याचे नियम छापले गेले. आपल्याकडे बऱ्याच जणांनी त्याचे नाव 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी प्रथम ऐकले. मैदान 30.5 मीटर लांब व 15.25 मीटर रुंद असते आणि त्याचे आडवे तीन समान भाग केलेले असतात. दोन्ही टोकांना खांबावर 3.05 मीटर उंचीवर कडी असते. तिच्यामागे बास्केटबॉलसारखी फळी नसते. चेंडू आपटत पळता येत नाही. तो हातात आला की तीन सेकंदांत पुढे द्यावा लागतो. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात आणि प्रत्येकीच्या छातीवर तिच्या जागेची इंग्रजी अक्षरे लावलेली असतात. या अक्षरांनी तिची हद्द ठरते. कडीभोवतालच्या अर्धवर्तुळातून गोल करण्याचा अधिकार फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक या दोघींनाच असतो.

म्हणजे या खेळात जागा निवडणे याचा अर्थ आपण किती चालणार, कोणत्या दिशेने वळणार आणि मान कितीदा वर करणार, हे ठरवणे. तरुण संघात प्रशिक्षक उंची आणि वेग पाहतो. श्रीलंकेची तर्जिनी शिवलिंगम सहा फूट दहा इंच उंचीची. ती गोल शूटर होणार, हे सांगायला जाणकार लागत नाही. आमच्यासारख्यांच्या बाबतीत मात्र उंचीपेक्षा गुडघा, कान, चष्मा आणि औषधांचा डबा यांनाच अधिक विचारावे लागते.

इंग्लंडमध्ये प्रौढ स्त्रियांसाठी ‘वॉकिंग नेटबॉल’ म्हणजे चालत खेळायचा नेटबॉल रुळला आहे. त्यात धावणे आणि उडी मारणे वर्ज्य. चेंडू धरायला तीनऐवजी चार सेकंद मिळतात आणि हातात चेंडू असताना एक पाऊल अधिक टाकता येते. आम्ही याच पद्धतीने खेळतो, तेही अर्ध्या मैदानावर, फक्की मारून आखलेल्या रेषांत, दहा-दहा मिनिटांच्या चार डावांत. नेटबॉलमधील दुखापती प्रामुख्याने घोट्याच्या आणि गुडघ्याच्या असतात, आणि त्या होतात त्या उडीवरून उतरताना किंवा वेगात असताना एकाएकी थांबताना. धावणे आणि उडी वगळली की हा धोका बराच उतरतो. पडण्याचा धोका मात्र उरतो, आणि तो सर्व जागांवर सारखा नसतो.

आता गोल कीपरकडे येते. तिची हद्द सर्वांत लहान, मैदानाचा एक तृतीयांश, म्हणून ती जागा सोपी वाटते. प्रत्यक्षात तिला समोरच्या शूटरवर नजर ठेवून पाठीमागे सरकावे लागते, आणि त्याच वेळी वरून येणारा चेंडू पाहण्यासाठी मान उचलावी लागते. उतारवयात तोल सांभाळण्यासाठी आपण डोळ्यांवर फार विसंबून असतो. नजर वर गेली आणि पाऊल मागे पडले की तो आधार सुटतो. काकूंचे असेच झाले. पावसाने उचलला गेलेला एक पेव्हर ब्लॉक टाचेला लागला, त्यांनी आधारासाठी हात मागे टेकला आणि सगळा भार मनगटावर आला. साडी नेसून खेळणाऱ्यांना तर आणखी एक भय असते: मागे सरकताना टाच काठात अडकते. तेव्हा ही जागा जिचा तोल उत्तम आहे, तिलाच द्यावी. सध्या आमच्याकडे ती एका 58 वर्षांच्या ताईंकडे आहे. त्या श्रवणयंत्र वापरतात. पाठीमागून आलेली हाक त्यांना कळत नाही. पण गोल कीपरच्या पाठीशी खेळ जवळजवळ नसतोच, सारे मैदान समोर उघडे असते. त्यांना ही जागा अंगच्या कपड्यासारखी बसली.

गोल शूटरविषयीही असाच गैरसमज आहे. “एका जागी उभे राहून चेंडू टाकायचा” एवढेच काम दिसते. पण चेंडू मैदानाकडून येतो आणि कडी पाठीशी असते. म्हणून टेकलेल्या पायावर वळावे लागते. गुडघ्याची गादी झिजलेली असेल, तर हीच गिरकी सुजेला निमंत्रण देते. खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय ही जागा घेऊ नये. मान मागे टाकली की भोवळ येणाऱ्यांनी आणि खांदा आखडलेल्यांनीही तिच्या वाटेला जाऊ नये. खांदा आखडणे मधुमेहींमध्ये अधिक आढळते आणि चेंडूचे वजन 400 ते 450 ग्रॅम असते. डोक्यावरून दहा-वीस वेळा टाकेपर्यंत ते चांगलेच जाणवते. ज्यांचे खांदे मोकळे आहेत आणि मन शांत आहे, अशांना मात्र ही जागा मोठा आनंद देते. आमच्या एक निवृत्त शिक्षिका चेंडू हातात आला की कडीकडे अशा पाहतात, जणू सुईत दोरा ओवायचा आहे.

सेंटर ही सर्वांच्या डोळ्यांत भरणारी जागा. दोन्ही अर्धवर्तुळे सोडून सारे मैदान तिचे आणि खेळाची सुरुवातही तिच्याच हातून. साहजिकच चालणेही तिच्याच वाट्याला सर्वाधिक येते. आमच्यातील एक 63 वर्षांच्या वहिनी तरुणपणी खो-खो गाजवलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सेंटरचे अक्षर मागून घेतले आणि तीन आठवड्यांत उजवा गुडघा सुजवून घेतला. चूक त्यांच्या उत्साहाची नव्हती. शरीराला 20 व्या वर्षीचे काम सांगितले गेले, एवढेच. त्यांना विंग डिफेन्सवर पाठवले, तेव्हा त्या दोन रविवार रुसल्या होत्या. विंग डिफेन्सला प्रतिस्पर्धी खेळाडूपासून सुमारे तीन फूट अंतर राखून तिचा चेंडू अडवायचा असतो. तेथे पायांपेक्षा अंदाज मोठा, आणि खो-खोत समोरच्याचा रोख ओळखण्यात वहिनींची हयात गेलेली. आता प्रतिस्पर्धी विंग अटॅकला त्यांच्यासमोर उभे राहणे नको वाटते. सेंटरचे अक्षर आम्ही प्रत्येक डावानंतर बदलतो, म्हणजे कोणावरच चार डावांचा भार पडत नाही. वहिनी एक डाव घेतात. तो त्यांचा हट्ट आहे, आणि आम्ही तो मोडून काढलेला नाही.

सेंटरची जागा घेणाऱ्यांनी आपल्या औषधांची आठवण ठेवावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून दमणूक कळत नाही. त्यापेक्षा बोलून पाहावे: खेळताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना चालण्याच्या श्रमाने साखर एकाएकी कमी होऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे; खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे आणि सोबतिणींना ते ठाऊक असावे. छातीत दडपण आले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर खेळ तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

उरलेल्या विंग अटॅक, गोल अटॅक आणि गोल डिफेन्स या जागांपैकी शेवटच्या दोन अर्धवर्तुळातही जातात, म्हणून त्यांना शूटरचा आणि कीपरचा थोडा थोडा जाच असतो. विंग अटॅकला कडीशी देणेघेणे नसते. चालणे बहुतेक पुढच्या दिशेने, चेंडू छातीच्या उंचीवर. सवयीने रोज फिरायला जाणाऱ्यांसाठी मी आता प्रथम याच जागेचा विचार करते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर जागा कोणतीही असो, एक गोष्ट तपासावी. खालच्या काचेतून पायाजवळची जमीन धूसर दिसते आणि ठेच लागते. खेळण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा चष्मा वेगळा करून घेतलेला बरा.

आणखी एक गोष्ट, जी बायका मोठ्याने बोलत नाहीत. खोकताना, शिंकताना किंवा झटकन उठताना लघवीचे थेंब निसटतात म्हणून अनेक जणी खेळच सोडतात. आमच्यातील दोघी याच कारणाने महिनाभर आल्या नव्हत्या. सबब मात्र नातवंडांची सांगत होत्या. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमित केले, तर पुष्कळ जणींना गुण येतो. लाज वाटून घेण्यासारखे त्यात काही नाही.

जागा ठरवण्यापूर्वी घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात, शेजारी कोणीतरी उभे असताना. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवून, हात न धरता 10 सेकंद उभे राहता येते का? हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा सलग उठता-बसता येते का? यातील पहिली गोष्ट जमत नसेल, तर पडण्याचा धोका अधिक आहे असे समजून कीपर आणि गोल डिफेन्स या जागा टाळाव्यात आणि आधी तोलाचे व्यायाम करावेत. 65 वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रविवारचा खेळ हा त्यांतला एकच दिवस झाला. मैदानाचीही अशीच परीक्षा घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यानंतर फरशीवर शेवाळ राहते, ते खरवडून काढल्याशिवाय पाऊल ठेवू नये. मार्चपासून समुद्राकाठचा दमट उकाडा सुरू होतो, तेव्हा आठाच्या आत खेळ आटोपावा.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे थोडेसे. घोटा मुरगळला, तर लगेच गरम तेलाने चोळू नये आणि शेकूही नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर ओढून उभे करू नये, खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. आणि उभ्या उंचीवरून साधे पडून मनगट मोडले असेल, तर केवळ प्लास्टर घालून थांबू नये. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी.

काकूंची ती तपासणी झाली. हाडे ठिसूळ निघाली, उपचार सुरू झाले. प्लास्टर सहा आठवडे राहिले, पुढे मनगटाचे व्यायाम. त्यांचा मुलगा मला भेटायला आला होता. रागावला नाही, पण म्हणाला, “मॅडम, आईचं आता पुरे.” मी काहीच बोलू शकले नाही. काकू मात्र बोलल्या. डॉक्टरांना त्यांनी स्वतः विचारले आणि डॉक्टरांनी तोलाचे व्यायाम आधी पक्के करायला सांगितले. पाच महिने ओट्याशी उभे राहून त्यांनी ते केले. पारनाक्यापर्यंतचा पहाटेचा फेरा तर त्यांनी प्लास्टर असतानाही चुकवला नव्हता. चालणे ही त्यांची खरी ताकद, आणि तीच मी जानेवारीत पाहिली नव्हती.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी काकू विंग अटॅकचे अक्षर लावून उभ्या राहिल्या. साडीऐवजी सलवार-कमीज, नवे बूट, चष्मा दूरच्या नंबरचा. मुलगा कठड्याशी उभा होता. दोन रविवार तो नुसता उभा राहिला, तिसऱ्या रविवारी त्याने उचललेले पेव्हर ब्लॉक स्वतः ठोकून बसवले. आता सातवी खेळाडू आली नाही की आम्ही त्याला गोल कीपरचे अक्षर देतो. पहिल्या दिवशी तो पाठीमागे सरकताना दोनदा अडखळला. “मागे बघ रे,” काकू ओरडल्या.