मिनिटांचा डाव, चेंडूंचा डाव

आठवड्यातून दोनदा गाण्याच्या शिकवणीसाठी मी कोगनोळीस जातो. कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल ओलांडला की मुलूख कर्नाटकाचा आणि बोली आपलीच. शिकवणी आटोपली म्हणजे पोरांचा क्रिकेटचा खेळ पाहत थोडा रेंगाळतो. त्यांत माझा एक पंधरा वर्षांचा शिष्य आहे. गळा बेताचा, पण ताल पक्का. आणि त्याचा लेट कट पाहावा! यंदा मात्र तो फटका कुठे दिसेना.

विचारले तेव्हा त्याने मोबाइल पुढे धरला. प्रत्येक चेंडूची नोंद. "गुरुजी, त्या फटक्याला एकच धाव मिळते, आणि निर्धाव चेंडू बघा किती जातात!"

मी दरबारी गवयाचा उतारवयातला मुलगा. वडिलांच्या तोंडून दोनच हिशेब ऐकत वाढलो: तालाच्या मात्रा आणि भाऊसाहेब निंबाळकरांच्या धावा. आपल्या कोल्हापूरच्या ह्या फलंदाजाने डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. तोच काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, सामना सोडून संघासह निघून गेले! वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी तेवढेच संतापत. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी एकही लाभली नाही, ते निराळेच.

त्या काळी डाव मिनिटांत मोजत. आता चेंडूंत मोजतात, आणि एवढ्याने खेळ पालटला. वीस षटकांच्या सामन्यात चेंडू १२० आणि गडी १०; म्हणजे बारा चेंडूंमागे एक गडी गेला तरी हिशेब जुळतो. कसोटीत गडी मोलाचा, येथे चेंडू मोलाचा. मग फलंदाजाने पहिल्या चेंडूपासून बॅट उगारली तर नवल काय?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे वळण आधीच येऊन गेले आहे. बिल जेम्स नावाच्या गृहस्थाने १९७७ पासून पदरमोड करून आकड्यांची पुस्तके काढली. जोरकस फटक्यांनाच भुलू नका, बाद न होता तळावर किती वेळा पोहोचतो तेही पाहा, असा हा विचार. चेंडू सोडून देऊन चालत पहिला तळ गाठणाऱ्याला तोवर फारशी किंमत नव्हती. ओकलंडच्या गरीब संघाने अशी माणसे स्वस्तात गोळा केली आणि २००२ साली १०३ सामने जिंकले. त्यांतले २० ओळीने. गंमत पाहा, तेथे आकड्यांनी आधी धीराच्या माणसाला मोल दिले! पुढे मात्र अमक्याचा फटका कुठे जातो ते आकड्यांवरून हेरून क्षेत्ररक्षक एकाच बाजूस दाटी करू लागले. अखेर २०२३ साली नियम करावा लागला, की आतल्या चौघांपैकी दोघांनी दुसऱ्या तळाच्या प्रत्येक बाजूस राहिलेच पाहिजे.

मोजण्याला मी नावे ठेवणार नाही. विलंबित एकतालाच्या मात्रा बोटांवर मोजतच मी शिकलो. पण मात्रा मोजून सम सापडते. त्या मात्रांत काय गायचे ते मोजून सापडत नाही. हे मी पोराला सांगितलेही. तो अदबीने ऐकत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, गेल्या वर्षी मला संघाबाहेर बसवलं होतं. यंदा घेतलंय."

ह्यावर मी काय बोलणार? बापाची चार पानपट्ट्यांएवढी तंबाखूची शेती. पोराला संघातली जागा म्हणजे चैन नव्हे.

विषय पालटावा म्हणून मी त्याला ४४३ ची गोष्ट सांगितली. डोळे विस्फारून त्याने विचारले, "चेंडू किती लागले?"

"४९४ मिनिटे," मी म्हणालो.

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. बराच वेळ मोजत होता.