पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास भिंतीवर : चित्रकार चार्ल्स व्हाइट

अमेरिकेतील शिकागो शहरातील एंगलवूड हायस्कूल. काळ १९३० च्या दशकाचा. इतिहासाच्या तासाला चार्ल्स व्हाइट नावाच्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने शिक्षकांना विचारले, की आपल्या पाठ्यपुस्तकात फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन, नॅट टर्नर, क्रिस्पस अ‍ॅटक्स यांची नावे का नाहीत? गुलामगिरीतून पळून येऊन वक्ता आणि लेखक झालेला डग्लस, स्वतः सुटका करून घेतल्यावर पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी टबमन, गुलामांच्या बंडाचे नेतृत्व करणारा टर्नर आणि स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी गोळीला बळी पडलेला अ‍ॅटक्स, ही माणसे त्याने ग्रंथालयातील पुस्तकांत वाचली होती. शिक्षकांनी उत्तर दिले नाही. त्याला गप्प बसण्यास सांगितले. तो गप्प बसला; परंतु त्यानंतर त्या वर्गात त्याने मौन हेच निषेधाचे साधन केले. त्या अनुत्तरित प्रश्नाचे उत्तर पुढे त्याने जन्मभर दिले, तेही कुंचल्याने आणि कोळशाने.

इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारा हा प्रसंग आहे. ज्या समाजाला इतिहासच नाही असे सांगितले जाते, त्या समाजातील मूल वर्गात बसून नेमके काय ऐकत असते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेतील या माणसांशी आपला संबंधही नवा नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागवली. डू बॉइस यांनी त्या पत्राला उत्तरही पाठवले. आपल्यापर्यंत तिकडचे नेते पोचले, लेखक पोचले. चित्रकार मात्र फारसे पोचले नाहीत. म्हणून या लेखात व्हाइट यांचा परिचय.

ग्रंथालयात वाढलेले मूल

चार्ल्स विल्बर्ट व्हाइट यांचा जन्म २ एप्रिल १९१८ रोजी शिकागो येथे झाला. आई एथेलिन गॅरी मूळची दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातील. ती लहान वयापासून लोकांच्या घरी घरकाम करीत आली होती. कामावर जाताना मुलाला सांभाळण्यास कोणी नसे. तेव्हा ती त्याला सार्वजनिक ग्रंथालयात बसवून जाई. सातव्या वर्षी तिने त्याला तैलरंगांची पेटी आणून दिली. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या मिळकतीत रंगपेटीची किंमत काय असते, हे ओळखणारे वाचक आपल्यात पुष्कळ आहेत. शिकागोच्या कलासंग्रहालयातील चित्रे पाहत आणि ग्रंथालयातील पुस्तके वाचत हे मूल वाढले. त्याच ग्रंथालयात त्याच्या हाती अ‍ॅलन लॉक यांनी संपादित केलेले ‘द न्यू नीग्रो’ हे १९२५ सालचे पुस्तक आले. आपल्या लोकांत कवी, लेखक आणि विचारवंत आहेत, हे त्याला प्रथम तेथे कळले. (‘नीग्रो’ हा शब्द आज त्याज्य मानला जातो, त्या काळी तो समाज स्वतःसाठीही तोच शब्द वापरीत असे.)

पुढे दोन कलाशाळांनी त्याला शिष्यवृत्ती जाहीर केली. मुलगा प्रवेशासाठी प्रत्यक्ष गेला, त्याचा वर्ण दिसला आणि दोन्ही शिष्यवृत्त्या मागे घेण्यात आल्या. गुणवत्ता कागदावर मान्य, देहावर अमान्य. हा न्याय आपल्याला परका नाही. अखेरीस १९३७ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या कलाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली.

या काळातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिकागोच्या दक्षिण भागातील तरुण कृष्णवर्णीय कलावंतांनी चित्रकार जॉर्ज नील यांच्याभोवती एक मंडळ उभे केले होते. वर्गणी काढून ते आपल्यापैकी एखाद्याची कलाशाळेची फी भरत. तो जे शिकून येई, ते परत येऊन इतरांना शिकवी. एकाच्या प्रवेशात अनेकांचे शिक्षण होई. वसतिगृहाच्या चळवळीतून शिकलेल्या आपल्या पिढ्यांना या व्यवहारामागचे तत्त्व ओळखीचे वाटेल.

भित्तिचित्र : चित्राचा सार्वजनिक अवतार

जागतिक मंदीच्या काळात अमेरिकन शासनाने बेकार कलावंतांना काम देण्याची योजना आखली होती. या योजनेच्या इलिनॉय राज्यातील शाखेत व्हाइट यांना १९३८ च्या सुमारास काम मिळाले आणि ते भित्तिचित्रांकडे वळले. चौकटीतील चित्र एखाद्याच्या दिवाणखान्यात जाते. ते पाहण्यास त्या घराचा उंबरठा ओलांडावा लागतो. भित्तिचित्र शाळा, ग्रंथालय, सभागृह अशा ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांचे असते. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही ते वाचता येते. मेक्सिकोतील दिएगो रिव्हेरा आदी चित्रकारांनी क्रांतीनंतर आपल्या देशाचा इतिहास असाच भिंतींवर मांडला होता आणि व्हाइट यांच्यापुढे तो आदर्श होता.

‘पाच थोर अमेरिकन नीग्रो’ हे त्यांचे पहिले मोठे भित्तिचित्र १९३९-४० मधील. कॅनव्हासवर तैलरंगात काढलेले हे चित्र सुमारे १३ फूट रुंद आणि ५ फूट उंच आहे. त्यात कोणाला स्थान द्यावे, हे ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राच्या वाचकांनी मतदानाने ठरवले. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव बोलणारी सोजर्नर ट्रुथ, फ्रेडरिक डग्लस, शिक्षणप्रसारक बुकर टी. वॉशिंग्टन, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि गायिका मरियन अँडरसन असे हे पाच जण. पाठ्यपुस्तकाने ज्यांना जागा दिली नाही, त्यांना समाजाने स्वतः मत देऊन भिंतीवर बसवले. हे चित्र आज वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

१९४२ साली त्यांना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली. मेक्सिकोला जाण्याची इच्छा होती. परंतु युद्धकाळ असल्यामुळे लष्करभरती मंडळाने परवानगी नाकारली. तेव्हा ते दक्षिणेकडील राज्यांत गेले. आईने जो प्रदेश सोडला होता, तेथील शेतमजूर, त्यांची गाणी आणि वर्णभेदाचे कायदे त्यांनी जवळून पाहिले. त्या अनुभवातून व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटच्या सभागृहात १९४३ साली ‘अमेरिकेतील लोकशाहीला नीग्रोंचे योगदान’ हे भित्तिचित्र साकार झाले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. सुमारे १७ फूट रुंद आणि १२ फूट उंच अशा या चित्रात क्रिस्पस अ‍ॅटक्स आहे, नॅट टर्नर आहे, डग्लस आहे. गायक पॉल रोबसन आणि गिटार घेतलेला लोकगायक लेडबेलीही आहे. वर्गात ज्यांची नावे उच्चारल्याबद्दल गप्प बसवले गेले, तीच माणसे आता एका विद्यासंस्थेच्या भिंतीवर उभी होती.

येथे शीर्षकाकडेही लक्ष द्यावे. चित्रकाराने ‘आमच्यावर झालेले अन्याय’ असे म्हटलेले नाही. ‘लोकशाहीला आमचे योगदान’ असे म्हटले आहे. साखळदंड चित्रात आहेतच. परंतु ते तोडणारे हात अधिक ठळक आहेत.

कोळशाची काडी

१९४४ साली व्हाइट यांना सैन्यात दाखल व्हावे लागले. पूरनियंत्रणाच्या कामावर असताना त्यांना क्षयरोग जडला. दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला आणि पुढे फुफ्फुसावर शस्त्रक्रियाही झाल्या. मध्यंतरी मेक्सिकोला जाण्याचे स्वप्न पूर्ण झाले. तेथील लोकमुद्रण कार्यशाळेत त्यांनी काम केले. कामगार-शेतकऱ्यांसाठी स्वस्त छापील चित्रे काढणारी ही कार्यशाळा होती. शिडीवर उभे राहून मोठ्या भिंती रंगवण्याचे काम मात्र आता पूर्वीसारखे होणार नव्हते. त्यांचे मुख्य माध्यम झाले रेखाटन : कोळसा, कार्बन पेन्सिल, खडू आणि शाई.

चित्रकलेत चारकोल म्हणून ओळखला जाणारा कोळसा म्हणजे वेलीच्या किंवा विलो झाडाच्या बारीक काड्या हवा लागू न देता भाजून तयार केलेली कांडी. आपल्याकडील वस्तीतील मूल चुलीतला कोळसा उचलून भिंतीवर माणूस काढते, तेच हे साधन, केवळ अधिक शुद्ध रूपातले. त्यात रंग नसतो. काळ्यापासून कागदाच्या पांढऱ्यापर्यंत असंख्य छटा असतात. बोटाने पसरवून त्याची सावली करता येते आणि मऊ रबराने काळेपणा उचलून उजेड काढता येतो. काम झाल्यावर तो झडू नये म्हणून त्यावर द्रावणाची फवारणी करावी लागते. भित्तिचित्राच्या पूर्वतयारीत प्रत्येक आकृतीचा अभ्यास व्हाइट कागदावर करीतच असत. त्यामुळे ही वाट त्यांच्यासाठी अपरिचित नव्हती. भिंत हातून गेली, तरी भिंतीची भव्यता त्यांनी कागदावर आणली.

‘हार्व्हेस्ट टॉक’ हे १९५३ सालचे कोळसाचित्र त्याचे उत्तम उदाहरण. शेतात उभे असलेले दोन शेतमजूर; एकाच्या हाती कापणीचे लांब पाते, ज्याला तो धार लावतो आहे. आकृत्या पाहणाऱ्याच्या इतक्या जवळ आणि इतक्या घडीव आहेत, की त्या दगडात कोरल्यासारख्या वाटतात. त्यांचे हात मोठे आहेत. व्हाइट यांच्या अनेक चित्रांत हात असेच मोठे दिसतात. हा शरीररचनेतील दोष नव्हे. ज्यांच्या श्रमावर देश उभा राहिला, त्यांच्या हाताकडे पाहणाऱ्याची नजर प्रथम जावी, अशी ही योजना आहे. चेहऱ्यावर याचना नाही, कडवटपणाही नाही. आहे ती शांत, सावध प्रतिष्ठा. त्यांच्या चित्रांचा संग्रह १९६७ साली ‘इमेजेस ऑफ डिग्निटी’ म्हणजे ‘प्रतिष्ठेच्या प्रतिमा’ या नावाने प्रसिद्ध झाला.

त्या काळी न्यूयॉर्कच्या कलाविश्वात अमूर्त चित्रकलेचा बोलबाला होता आणि माणूस काढणे जुनाट समजले जाई. व्हाइट यांनी माणूस सोडला नाही. ज्यांचे चेहरे आजवर विडंबनापुरतेच छापले गेले, त्यांनी आपला चेहरा पुसून टाकण्याची घाई का करावी? आणखी एक गोष्ट त्यांनी जपली. आपली चित्रे श्रमिकांच्या घरी पोचावीत म्हणून त्यांनी शिळाछापे आणि अल्प किमतीचे छापील चित्रसंच काढू दिले. दिनदर्शिकेवरील बाबासाहेबांच्या चित्राने आपल्या घरांत जे कार्य केले, ते ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना एका छापील चित्राचे मोल सांगावे लागत नाही.

जाहिरातीचा कागद उलटा वाचणे

प्रकृतीसाठी व्हाइट १९५६ साली कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परिसरात स्थायिक झाले. नागरी हक्कांच्या लढ्याच्या ऐन भरात, १९६५-६६ मध्ये, त्यांनी ‘जाक्यूझ’ ही कोळसाचित्रांची मालिका केली. फ्रेंच लेखक एमिल झोला यांच्या १८९८ मधील प्रसिद्ध पत्राचे हे शीर्षक. अर्थ ‘मी आरोप करतो’.

१९६९ पासून त्यांनी ‘वाँटेड पोस्टर’ ही मालिका आरंभली. एकोणिसाव्या शतकात पळून गेलेल्या गुलामांना पकडण्यासाठी आणि गुलामांच्या लिलावासाठी जाहिराती छापल्या जात. त्यांत नाव, वय, अंगावरील खुणा आणि बक्षिसाची रक्कम असे. व्हाइट यांनी घड्या पडलेल्या जुन्या कागदासारखी पार्श्वभूमी रंगवली, त्यावर तसेच अंक आणि अक्षरे उमटवली. मात्र त्यांमध्ये चेहरे काढले ते आपल्या काळातील स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, परंतु माणसाकडे ‘हवा असलेला आरोपी’ म्हणून पाहणारी नजर संपली का, हा प्रश्न ही चित्रे विचारतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात मोठा धडा आहे. मालकाने लिहिलेला कागद हाही पुरावाच असतो. तो गुलामाच्या बाजूने वाचता आला पाहिजे.

शिक्षक व्हाइट

१९६५ पासून अखेरपर्यंत व्हाइट यांनी लॉस एंजेलिसच्या ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रेखाटन शिकवले. आज जगभर नावाजलेले डेव्हिड हॅमन्स आणि केरी जेम्स मार्शल हे त्यांचे विद्यार्थी. मार्शल यांनी शाळकरी वयात एका पुस्तकात व्हाइट यांचे चित्र पाहिले होते. आपल्यासारखा दिसणारा माणूस चित्रकार असू शकतो, हे त्यांना त्यातून उमगले. हॅम्प्टनचे भित्तिचित्र होत असताना तेथे शिकणारे जॉन बिगर्स हेही पुढे नामवंत भित्तिचित्रकार झाले.

१९७८ साली व्हाइट यांनी आपले शेवटचे भित्तिचित्र पूर्ण केले. विषय होता शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लाउड बेथून आणि जागा होती लॉस एंजेलिसमधील त्यांच्याच नावाचे सार्वजनिक ग्रंथालय. ३ ऑक्टोबर १९७९ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, व्हाइट यांचे निधन झाले. २०१८-१९ मध्ये शिकागो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील प्रमुख संग्रहालयांत त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. ओटिसच्या जुन्या आवारात आज ‘चार्ल्स व्हाइट एलिमेंटरी स्कूल’ ही प्राथमिक शाळा भरते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. शाळेच्या भिंतींवर आपण महापुरुषांच्या प्रतिमा लावतो, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला आपल्या वस्तीतील, आपल्या वसतिगृहाच्या परंपरेतील माणसेही मुलांना दिसली पाहिजेत : मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृह चालवणारे कार्यकर्ते, पहाटे भाकरी थापणाऱ्या मावश्या, मोर्चात पुढे चालणाऱ्या आज्या. त्यांची छायाचित्रे जपून ठेवावीत, नावे आणि साले लिहून ठेवावीत आणि ज्या मुलाच्या हातात रेषा आहे, त्याच्या हाती कागद आणि कोळशाची कांडी द्यावी. वर्गात एखाद्या मुलाने ‘आमची माणसे या पुस्तकात का नाहीत?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्या प्रश्नापासूनच इतिहासाचा तास सुरू करावा.