उसण भरल्यास हलका हात द्यावा

खुरपणी, भात लावणी, कापूस वेचणी ही कामे दिवसभर ओणवे राहून करावी लागतात. त्यामुळे कमरेजवळचे स्नायू सतत ताणलेले राहून थकतात. संध्याकाळी कंबर धरते, कधी उसण भरते. अशा वेळी कोणी पाठीवर मुलाला उभे करते, तर कोणी पायाळू माणसाची लाथ खाते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे प्रकार टाळावेत. उसण भरते तेव्हा बहुधा हाड सरकलेले नसते, तर स्नायू आखडलेला असतो. धक्क्याने तो अधिक आखडू शकतो. उतारवयात हाडे ठिसूळ झाली असल्यास मणका मोडण्याचीही भीती असते.

मालिश कशी करावी?

रुग्णास गोधडीवर पालथे झोपवून पोटाखाली घडी केलेले कापड द्यावे. मालिश करणाऱ्याने नखे कापून हात धुवावेत. करडई, तीळ, शेंगदाणा यांपैकी कोणतेही तेल चालते. तेलामुळे हात सहज सरकतो, इतकेच. मणक्यांवर दाब न देता त्यांच्या दोन्ही बाजूंनी कमरेपासून खांद्यापर्यंत तळहात सावकाश फिरवावेत. नंतर आखडलेल्या जागी अंगठ्याने लहान गोल फिरवावेत. रुग्णाने श्वास रोखला किंवा अंग आखडले, तर दाब जास्त झाला असे समजावे. एकूण 10 ते 15 मिनिटे पुरेत. याने वेदना काही काळ कमी होतात व झोप लागते. मूळ दुखणे मात्र जातेच असे नाही.

फवारणी केलेल्या दिवशी साबणाने अंघोळ केल्याखेरीज अंगाला तेल लावू नये. त्वचेवर राहिलेले कीटकनाशक तेलाबरोबर चोळले जाऊन शरीरात जाण्याचा धोका असतो.

मालिश केव्हा करू नये?

1. नुकतेच मुरगळून सूज आली असल्यास पहिले 2 दिवस चोळू नये, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. उंचावरून पडून पाठ दुखत असल्यास पाठीला हात न लावता दवाखाना गाठावा.
2. एकाच पायाची पोटरी सुजून गरम व दुखरी झाली असल्यास शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.
3. ताप, जखम किंवा गळू असल्यास.
4. पायातील शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

दुखणे शेतातच कमी करा

पिकाची पेरणी ओळीत करावी, म्हणजे दोन ओळींतील तण बैलांच्या किंवा सायकल कोळप्याने निघते आणि ओणवे राहून खुरपण्याचे काम फक्त ओळीतील तणापुरते उरते. दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर सरळ करावी.

घरात पाठ चोळून मिळते ती बहुधा गड्याला. खुरपणीला मात्र बहुतेक बायाच असतात. तेलाची वाटी आधी त्यांच्यासाठी काढावी.