वायुप्रवाह-नियंत्रकाची निगा

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रयोगशाळांत सिलिकॉनच्या चकत्यांवर अतिसूक्ष्म थर चढवितात. त्यासाठी लागणारा सिलेन वायू मोजून सोडण्याचे काम प्रवाह-नियंत्रक करतो. सिलेनला हवा लागली की तो बहुधा आपोआप पेटतो, आणि उरणारी सिलिकेची पूड नियंत्रकातील केसासारखी बारीक नळी तुंबविते. म्हणून सफाईसाठी नियंत्रक काढण्यापूर्वी सिलेनचा पुरवठा बंद करून नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरावा व पंपाने सुरक्षित निकासमार्गे ओढून काढावा. हा क्रम अनेकदा करावा. तोवर नियंत्रकाची झडप उघडीच असावी. वीज तोडताच बहुतेक नियंत्रकांची झडप मिटते, आणि मागे कोंडलेला वायू जोड सैल करणाऱ्याच्या तोंडावर पेटू शकतो. यास्तव वीज सर्वांत शेवटी तोडावी. आणि नियंत्रक परत बसविल्यावर गळती तपासल्यावाचून सिलेन सोडू नये.