स्वभावाला श्रेणी कोण देणार?

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ हा एकच शब्द लिहिण्याची प्रथा इतकी रूढ झालेली आहे की, तो लिहिणाऱ्या लिपिकाने त्या विद्यार्थ्याला कधी पाहिलेले असण्याची गरज नसते, आणि पुढच्या शाळेत वा महाविद्यालयात तो दाखला तपासणाऱ्याची नजरही त्या शब्दावर थांबत नाही. हा रकाना निरुपद्रवी आहे, कारण तो निरर्थक आहे. आता मात्र त्याच रकान्याचा विस्तार करून त्याला शास्त्रीय अधिष्ठान देण्याचा उपक्रम सुरू झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नेहमीच्या गुणपत्रिकेच्या जागी ‘समग्र प्रगती पत्रक’ सुचविले. विद्यार्थ्याच्या बौद्धिक प्रगतीबरोबर त्याच्या भावनिक व सामाजिक जडणघडणीचीही नोंद त्यात व्हावी, आणि ती केवळ शिक्षकाने नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः व त्याच्या वर्गमित्रांनीही करावी, अशी त्यामागील कल्पना आहे. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मोजपट्टीचा, आणि मोजून झाल्यावर त्या मापाचे काय करायचे याचा.

या गुणांचे महत्त्व नाकारण्याची सोय अर्थशास्त्रानेही ठेवलेली नाही. २००० साली नोबेल पारितोषिक मिळालेले जेम्स हेकमन यांनी अमेरिकेतील एका परीक्षेचा बारकाईने अभ्यास केला. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना ही परीक्षा देऊन शालान्त प्रमाणपत्राच्या तोडीचे प्रमाणपत्र मिळविता येते. ती उत्तीर्ण होणाऱ्यांची बुद्धी व ज्ञान शाळा पूर्ण करणाऱ्या, पण महाविद्यालयात न गेलेल्या मुलांच्या बरोबरीचे आढळले. परंतु नोकरीच्या बाजारात त्यांची अवस्था शाळा सोडून दिलेल्यांपेक्षा फारशी बरी नव्हती. वेळेवर हजर राहणे, कंटाळवाणे काम तडीस नेणे, सहकाऱ्यांशी जमवून घेणे यांपैकी कशाचीच परीक्षा त्या प्रश्नपत्रिकेत नव्हती. मिशिगन राज्यात १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगाचा अनुभव याला पूरकच आहे. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांच्या या प्रयोगात बालवाडीत गेलेल्या मुलांचा बुद्ध्यंक आधी वाढला आणि काही वर्षांतच तो लाभ ओसरला. तरीही वयाच्या चाळिशीत त्यांची कमाई अधिक होती व त्यांना झालेल्या अटका कमी होत्या. बुद्ध्यंकाने जे टिपले नाही, ते आयुष्याने टिपले.

तेव्हा ही कौशल्ये खरी आहेत आणि मोलाची आहेत. पण मोलाची वस्तू मोजता येतेच, असे नाही. विद्यार्थ्याला स्वतःविषयीच विचारावे, ही सर्वांत स्वस्त पद्धत. तिची गंमत बोस्टन शहरात दिसली. तेथील काही कडक शिस्तीच्या शाळांतील मुलांची परीक्षेतील प्रगती इतरांहून सरस होती. पण संशोधकांनी प्रश्नावली दिली तेव्हा याच मुलांनी चिकाटी व आत्मसंयम यांत स्वतःला इतर शाळांतील मुलांपेक्षा खालचे स्थान दिले. कारण उघड आहे. ज्या वर्गात सगळेच दोन तास अभ्यासाला बसतात, तेथे दीड तास बसणारा स्वतःला आळशी समजतो. मोजपट्टी प्रत्येक शाळेची वेगळी असेल, तर दोन शाळांची तुलना कशी करणार? ‘चिकाटी’ हा विषय अमेरिकेत घरोघरी पोचविणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनीच याबाबत सावध केले. कॅलिफोर्नियातील काही मोठ्या शालेय जिल्ह्यांनी अशा प्रश्नावल्यांचे निकाल शाळांच्या मूल्यांकनात धरण्याचे ठरविले, तेव्हा २०१६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून त्यांनी आपला विरोध जाहीर केला.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदविले, ते येथे लागू पडते. एखाद्या निर्देशांकाच्या आधारे नियंत्रण करू लागले की तो निर्देशांक विश्वासार्ह राहत नाही, असा त्याचा आशय. पैशाच्या पुरवठ्याबाबत जे खरे, ते सहानुभूतीबाबत अधिकच खरे. ‘मित्र रडत असेल तर तू काय करतोस?’ या प्रश्नाचे उत्तर श्रेणीत धरले जाणार आहे हे कळल्यावर कोणता मुलगा ‘मी खेळायला जातो’ असे लिहील? तो चाणाक्षपणा शिकेल, सहानुभूती नव्हे.

हे भाकीत करण्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या अंमलबजावणीबरोबर २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक विद्यार्थ्याच्या आवडी, छंद, सुधारणेची गरज यांविषयी वर्णनात्मक नोंदी करणे शिक्षकांवर बंधनकारक झाले. थोड्याच काळात बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पुढे त्या मोबाइलवरून फिरू लागल्या, आणि ‘वर्गात इतरांना मदत करतो’ हे वाक्य असंख्य वह्यांत उतरले. याचा दोष शिक्षकांना देणे सोपे आहे. पण चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, कधी एकाच खोलीत दोन इयत्ता, त्यात निवडणुकीची व सर्वेक्षणाची कामे, अशा माणसाने दर सत्रात प्रत्येक मुलाच्या अंतरंगाविषयी स्वतंत्र वाक्य कोठून आणावे? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने तर जीवनकौशल्ये, वृत्ती व मूल्ये यांना श्रेणी दिल्या आणि त्यांच्या बळावर विषयांतील श्रेणी वाढवून मिळण्याची सोयही केली. मग सद्गुणांचे पीक अमाप येणार, हे ठरलेलेच होते. ती सारी पद्धत २०१७ मध्ये गुंडाळावी लागली.

विचारण्याऐवजी वागणुकीवरून अनुमान काढावे, असा एक मार्ग उरतो. किराबो जॅक्सन या अर्थतज्ज्ञाने नॉर्थ कॅरोलायना राज्यातील नववीच्या विद्यार्थ्यांची गैरहजेरी, त्यांच्यावर झालेली शिस्तभंगाची कारवाई यांसारख्या साध्या नोंदी घेऊन दाखविले की, शिक्षकाचा या गोष्टींवर पडणारा प्रभाव मुलाचे शालेय शिक्षण पूर्ण होण्याविषयी परीक्षेतील गुणांहून अधिक सांगून जातो. अभ्यास उत्तम आहे. पण तो बीड जिल्ह्यात आणून पाहावा. ऊसतोडणी कामगारांची कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पहाटे आई तोडणीला गेल्यावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी, चूल पेटवणारी दहा वर्षांची मुलगी जबाबदारीच्या कोणत्या कसोटीत कमी पडते? हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे पाच महिने शून्य असेल.

शिक्षकाचे निरीक्षणही निर्लेप नसते. घरी गोंडी किंवा भिली बोलणारे मूल प्रमाण मराठीतील वर्गात गप्प बसते; त्याची नोंद ‘आत्मविश्वासाचा अभाव’ अशी होते. बोलक्या घरातील मूल नेता ठरते. वर्गमित्रांनी करावयाच्या मूल्यमापनात तर गावातील आळ्या, जाती आणि मैत्र्या सगळ्याच उतरतील. गणितात मिळालेले पस्तीस गुण पुढच्या वर्षी पुसता येतात. ‘इतरांशी जुळवून घेत नाही’ हा शेरा एका वर्गशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि दुसरा शिक्षक मुलाला पाहण्याआधी शेरा पाहतो.

मग पाहूच नये काय? पाहावे; पण वर्गाकडे व शाळेकडे पाहावे. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी ‘आनंदा’चा तास सुरू झाला, तेव्हा त्याला परीक्षा ठेवली नव्हती, हा त्यातील सर्वांत शहाणपणाचा भाग होता. शिक्षकाची निरीक्षणे त्याच्याच वहीत राहावीत, पालकांशी बोलताना उपयोगी पडावीत, आणि दाखल्याबरोबर प्रवास करू नयेत, असा साधा नियम शासनाला एका परिपत्रकाने करता येईल. आकडेच हवे असतील तर ते निनावी असावेत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१९ साली जगातील दहा शहरांत १० व १५ वर्षांच्या मुलांची अशी पाहणी केली. तीत कोणत्याही मुलाच्या हाती श्रेणी पडली नाही. तरीही हे दिसून आले की, १५ वर्षांची मुले १० वर्षांच्या मुलांपेक्षा कमी जिज्ञासू, कमी आशावादी व इतरांवर कमी विश्वास टाकणारी असल्याचे स्वतःच सांगत होती, आणि आशावाद व विश्वास यांतील घसरण मुलींत अधिक होती. त्या पाच वर्षांत ही मुले शाळेतच होती.