पायाखालचा बर्फ, वरचं गवत

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, अबिस्को नावाचं छोटं गाव आहे. तिथून दहाएक किलोमीटरवर, टोर्नेट्रेस्क सरोवराजवळ, स्टोरडालेनची दलदल पसरली आहे. उन्हाळा सरता सरता तिथे अभ्यासक एक साधंच काम करतात : लोखंडी सळई घेऊन ती जमिनीत दाबायची. उंचवट्यावर सळई अर्धा मीटर, फार तर थोडी जास्त आत जाते आणि अडते. खाली बर्फ लागलेला असतो. तिथून पाच-सात पावलांवरच्या खोलगटात तीच सळई दाबली, तर मुठीपर्यंत आत जाते, कुठेच अडत नाही. हवा तीच, ऊन तेच, पाऊसही तोच. मग एवढ्याशा अंतरात बर्फ गेला कुठे?

सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाला किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. बातम्यांमध्ये ती नकाशावरच्या एका निळ्या पट्ट्यासारखी दिसते. जग तापलं की पट्टा आक्रसला, एवढंच. या पट्ट्याच्या कडेला, जिथे गोठलेपण काठावर टेकून उभं आहे, तिथे गोष्ट याहून बारीक आहे. बर्फ राहणार की जाणार, हे तिथे दोन-चार वितींची उंची आणि तीवर काय उगवलं आहे, यावर ठरतं.

त्या उंचवट्याला पाल्सा म्हणतात. आत बर्फाचा गाभा, वर पीटचा थर. पीट म्हणजे थंडीत आणि पाण्यात नीट न कुजता शतकानुशतकं साचत गेलेलं शेवाळ, मुळं, पानं. आपल्याकडे बर्फवाला लादीवर लाकडाचा भुसा पसरून वर गोणपाट टाकतो, ते आठवा. उन्हाळ्यात वाळलेलं पीट नेमकं तेच करतं. त्याच्या पोकळ्यांत हवा असते आणि उन्हाची धग खाली उतरत नाही. पण भुशाला न जमणारी एक गोष्ट पीटला जमते. शरद ऋतूत ते ओलं होतं, मग गोठतं. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळपास चौपट सहज वाहते, म्हणून हिवाळ्यात जमिनीतली ऊब त्याच थरातून झपाट्याने बाहेर निघून जाते. उन्हाळ्यात बंद होणारं आणि हिवाळ्यात उघडणारं हे दार आहे. वर्षाची सरासरी शून्याच्या आसपास असलेल्या मुलखात खालचा बर्फ टिकतो तो या दारामुळे.

पडणाऱ्या हिमाचा हिशोब मात्र उलटा, आणि ऐकताना विचित्र वाटणारा. हिम जमिनीला थंड करत नाही, गोधडीसारखं उबेत ठेवतं. पाल्साच्या माथ्यावरून वारा ते झाडून नेतो. माथा उघडा पडतो, थंडी खोल शिरते. झाडलेलं सगळं हिम खोलगटात साचतं आणि तिथली जमीन पांघरुणाखाली राहते. अबिस्कोजवळच्याच स्टोरफ्लाकेट दलदलीत संशोधकांनी कुंपणं उभारून मुद्दाम जास्त हिम साचवलं. काही वर्षांत तिथली जमीन उबदार झाली, वितळण्याची खोली वाढली आणि वरचा झाडोराही बदलू लागला.

म्हणूनच सळई न घेताही खालचं बरंच काही कळतं. कोरड्या माथ्यावर क्रोबेरीची काळी फळं, जेमतेम गुडघ्याला लागेल असं खुजं बर्च, क्लाउडबेरी, दगडफुलासारखे लायकेन दिसले, तर खाली बर्फ आहे. ओलसर उतारावर स्फॅग्नम नावाचं मऊ शेवाळ दिसलं, तर बर्फ खोल गेला आहे किंवा जाण्याच्या वाटेवर आहे. आणि उभ्या पाण्यात अरुंद पानांचं, पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत डुलत असलं, तर बहुधा सळई अडणार नाही. आपला लव्हाळा आणि नागरमोथा ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे गवत.

पण झाडं बर्फाची नुसती खबर देत नाहीत, त्याचं नशीबही ठरवतात. मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो तो सायबेरियाच्या ईशान्येला, इंडिगिर्का नदीच्या सखल प्रदेशातल्या किटालिक इथला प्रयोग. २००७ मध्ये तिथे टुंड्राच्या काही गोल तुकड्यांवरचं खुजं बर्च कापून टाकलं. बाकी काहीही हलवलं नाही. सावली गेली, जमीन जास्त खोल वितळू लागली, आतला बर्फ पाणी झाला तशी माती खचली. पाचेक वर्षांत ते तुकडे पाण्याने भरलेले खड्डे झाले आणि आधी मिथेन शोषणारी जागा मिथेन सोडू लागली. गुडघाभर उंचीचं झुडूप पायाखालची जमीन धरून ठेवत होतं! सगळीकडे झुडपं तारकच असतात असंही नाही. उंच झुडपं हिवाळ्यात हिम अडवतात आणि तेच हिम जमिनीला ऊब देतं. उन्हाळ्याची सावली भारी ठरते की हिवाळ्याची गोधडी, हे त्या-त्या जागेवर ठरतं.

मिथेनच्या बाबतीत कापूसगवताचा आणखी एक हात आहे. कमळकाकडी कापली की आत भोकं दिसतात. तशाच हवेच्या पोकळ्या या गवतात मुळापर्यंत जातात. पाण्याखालच्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. एरवी वर येताना त्यातला बराच वायू वाटेतले दुसरे जीवाणू खाऊन टाकतात. गवताच्या नळ्यांतून तो थेट हवेत पोहोचतो. स्टोरडालेनमध्ये १९७० ते २००० या काळात ओला झाडोरा जसा पसरला, तसं दलदलीतून निघणारं मिथेन २२ ते ६६ टक्क्यांनी वाढलं, असा अंदाज २००४ मध्ये मांडला गेला. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो.

बर्फ लगेच हार मानत नाही. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. त्यामुळे गाभा वर्षानुवर्षं तग धरतो. पण अबिस्कोत गेल्या काही दशकांत वर्षाची सरासरी शून्याच्या वर सरकली आहे, आणि पाल्सा कडेने खचू लागले आहेत. आधी काठाला भेग पडते. मग पीटचं एखादं ढेकूळ, वरच्या क्रोबेरीसकट, पाण्याकडे कलतं. खचलेल्या जागी पाणी साठतं, हिवाळ्यात हिम साचतं, पुढच्या उन्हाळ्यात भेग आणखी आत सरकते. ढेकळावरचं बर्च काही काळ पाण्यात उभं राहतं, आणि त्याच्या बुंध्याशी कापूसगवताची पहिली पाती वर येतात.