कुमारवयातील नैराश्य आणि घर

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घुम्यासारखा राहू लागला, भरल्या ताटावरून उठू लागला, लहानसहान गोष्टीवरून अंगावर येऊ लागला, म्हणजे घरात आणि शेजारीपाजारी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'ही सारी थेरे आहेत, लाडाने शेफारला आहे.' दुसरा म्हणतो, 'आईबापांनीच पोराची ही दशा केली.' पहिला सगळा दोष मुलाच्या पदरी टाकतो, दुसरा घराच्या. आमच्या मते या दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. कारण एका टोकाला आणि परिणाम दुसऱ्या टोकाला, असे दोघेही धरून चालतात. वस्तुतः घराचा परिणाम मुलाच्या मनावर होतो आणि मुलाच्या दुखण्याचा परिणाम घरावर होतो. हा व्यवहार दुहेरी आहे.

प्रथम नैराश्य कशाला म्हणावयाचे ते पाहू. परीक्षेत गुण कमी पडले, मैत्रीत वितुष्ट आले, तर मन खट्टू होते आणि चार दिवसांत ठिकाणावर येते. ते नैराश्य नव्हे. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्यात मनाची मरगळ किंवा कशातच गोडी न वाटणे ही अवस्था निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज टिकते. झोप आणि भूक बिघडते, वाचलेले डोक्यात शिरत नाही, आपण टाकाऊ आहोत असे वाटू लागते; कधी मरणाचेही विचार येतात. कुमारवयात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या वयात खिन्नतेऐवजी चिडखोरपणाच पुढे येऊ शकतो. रडणाऱ्या मुलाची आपल्याला कणव येते, चिडणाऱ्या मुलाचा राग येतो. दुखणे तेच, परंतु त्याच्या वाट्याला औषधाऐवजी फटकारे येतात. हा प्रश्न चार-दोन घरांपुरताही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ७ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. नैराश्य हा त्यांतलाच एक.

आता घराकडून मुलाकडे जाणारी वाट पाहू. आई किंवा वडील नैराश्याने ग्रासलेले असतील, तर मुलाला ते दुखणे होण्याचा संभव वाढतो, हे पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे. पण हे रक्तातून येते की सहवासातून? याचा उलगडा दत्तक मुलांच्या अभ्यासातून होऊ शकतो. कारण तेथे रक्ताचे नाते नसते, सहवास मात्र असतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे झालेला असा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरी दत्तक घेणाऱ्या आईला नैराश्य आलेले होते, तेथील दत्तक मुलांतही त्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा आहेच. तरी घरातील रोजच्या वागण्याचाही आहे. खचलेल्या माणसाजवळ मुलाचे बोलणे ऐकून घेण्याइतकेही बळ उरत नाही. याशिवाय आईबापांमधील धुमसते भांडण आणि उठताबसता होणारी टीका यांचाही भार मुलावर पडतो.

उलट दिशेची वाट आपण फारशी पाहत नाही. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना टेलिफोनवरून अनोळखी स्त्रियांशी वीस मिनिटे बोलावयास सांगितले. त्यांतील काही स्त्रिया नैराश्याच्या रुग्ण होत्या. त्यांच्याशी बोललेल्या विद्यार्थिनी संभाषणानंतर स्वतः अधिक खिन्न व चिडलेल्या आढळल्या, आणि त्या व्यक्तीशी पुन्हा संबंध ठेवण्याकडे त्यांचा कल कमी दिसला. वीस मिनिटांत परक्यावर एवढा परिणाम होतो; मग जी आई महिनोन् महिने त्याच घरात वावरते, तिचे काय होत असेल याची कल्पना करावी.

या दोन वाटा जोडल्या की रहाट फिरू लागतो. एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणा. मुलगा दहावीत आहे. नैराश्यामुळे त्याला रात्री झोप नाही आणि सकाळी उठवत नाही. वडील म्हणतात, 'क्लासची फी काय झोपण्यासाठी भरली?' मुलगा उर्मट उत्तर देतो. आई मध्ये पडते, म्हणून वडील तिच्यावर घसरतात. आजी सुनेला बोल लावते. धाकटी बहीण सगळ्यांच्या नजरेतून सुटते. भिंतीपलीकडून भांडण ऐकणारा मुलगा मनाशी ठरवितो, 'हे सारे माझ्यामुळे.' त्या रात्री त्याला आणखीच झोप येत नाही. यात दुष्ट कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने मुलाला किंवा घराला सावरू पाहत आहे, आणि प्रत्येकाच्या धडपडीने रहाटाला एक वेढा अधिक मिळत आहे.

विद्वानांनीही एकेकाळी एकाच टोकाला दोष दिला होता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनियाचे मूळ आईच्या वागण्यात दाखविणारा शब्दप्रयोग केला आणि तो बराच काळ चालला. ती उपपत्ती टिकली नाही; पण 'आईच कारण' ही समजूत लोकांच्या मनात अजून रेंगाळते. तिचा परिणाम असा होतो की, दोषाच्या भयाने आईबाप मुलाचे दुखणे झाकतात आणि डॉक्टरकडे जाणे लांबते.

रहाटाची एक सोय मात्र आहे: तो कोठूनही अडविता येतो. मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्यग्रस्त १५१ माता आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुले होती. उपचार मातांवर झाले. ज्या मुलांना आरंभी मानसिक विकार होता, त्यांपैकी आई तीन महिन्यांत बरी झालेल्या घरांतील ३३ टक्के मुले विकारमुक्त झाली. आई बरी न झालेल्या घरांत हे प्रमाण १२ टक्के होते. एवढ्यावरून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. तथापि आईचे किंवा बापाचे दुखणे बाजूस ठेवून केवळ मुलाला सुधारू पाहणे शहाणपणाचे नाही, एवढे यातून निश्चित कळते. मुलावरील उपचारही गुणकारी आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलामुलींच्या अमेरिकन चाचणीत औषध आणि संवादोपचार एकत्र मिळालेल्यांपैकी ७१ टक्क्यांना बारा आठवड्यांत चांगला उतार पडला.

मग घराने काय करावे? 'दोष कोणाचा' हा प्रश्न आधी सोडून द्यावा. मुलाचे वागणे दोन आठवडे पूर्वीपेक्षा वेगळे दिसले, तर रागावण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. उलट उत्तराला उलट उत्तर देऊ नये. संतापाच्या भरात झालेले बोलणे त्या घटकेस तेथेच थांबवावे. दिवसातील एक जेवण तरी असे असावे की त्यात अभ्यास आणि गुण यांचा विषय निघणार नाही. धाकट्या भावंडांना वेगळा वेळ द्यावा. आईबापांपैकी कोणी स्वतः खचले असेल, तर त्यांनी आपला उपचार हा मुलाच्या उपचाराचाच भाग समजावा. मुलाच्या बोलण्यात मरणाचा उल्लेख आला, तर सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलावयास वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथे विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

मुलाला टायफॉइड झाला तर आपण तापाशी भांडत नाही आणि ताप कोणाच्या पुण्याईने आला याची चौकशीही करीत बसत नाही. सारे घर रात्रीचा दिवस करते आणि डॉक्टर सांगतील तसे वागते. नैराश्याने आजारी पडलेल्या मुलालाही घराकडून तेवढेच मिळावे, इतकीच आमची आपणांस विनंती आहे.